सगळ्या वर्गासाठी एकच पाठ: टाचणापासून तपासणीपर्यंत

समावेशक अध्यापनाची, म्हणजे सगळ्या प्रकारच्या मुलांना एकाच वर्गात शिकवण्याची, प्रशिक्षणं भरपूर होतात. तरीही वर्गात बहुतेक वेळा असंच घडतं: पाठ नेहमीसारखा तयार होतो, शिकवून होतो आणि मागे पडलेल्या चार-पाच मुलांच्या हातात एक सोपी कृतिपत्रिका दिली जाते. बाकीचा वर्ग उदाहरणं सोडवतो, ही मुलं कोपऱ्यात चित्रं रंगवतात. शिक्षकाची नियत चांगली असते, पण क्रम उलटा झालेला असतो. अडथळा आधी पाठातून काढायचा आणि त्यानंतरही जी अडचण उरेल तिच्यासाठी त्या मुलाला वेगळी मदत द्यायची, असा क्रम हवा.

हा क्रम प्रत्यक्षात कसा लावायचा ते इथे एकाच पाठावर दाखवलं आहे. पाठ पाचवीचा, अपूर्णांकांची तुलना: १/३ मोठा की १/४? वर्गात ३०-३५ मुलं आणि एकच शिक्षक. त्यांत एकाला श्रवणयंत्र आहे, एकीला फळा धूसर दिसतो, दोघं वाचताना अडखळतात, काहींच्या घरी मराठी बोलत नाहीत, एक जण ऊसतोडीहून आत्ताच परतला आहे. आपल्या बऱ्याच शाळांतला हा नेहमीचा वर्ग आहे.

टप्पा १: अडथळ्यांची वही

पाठाला हात लावण्याआधी एका साध्या वहीत तीन रकाने आखा: कुठे अडतं, कशाने जमतं, मी काय बदलणार.

पहिल्या रकान्यात 'कच्चा', 'मंद', 'बहिरा' असे शिक्के नकोत. डोळ्यांना दिसलं तेच लिहा. "फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते." "दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी राहून जाते." "तोंडी हिशेब बरोबर, वहीत चूक." "गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवतो." अशा वाक्यातूनच पुढचा उपाय निघतो.

दुसरा रकाना सगळ्यांत मोलाचा, आणि बहुतेक वह्यांत तोच कोरा असतो. मुलाला काय येत नाही हे आपल्याला लगेच सांगता येतं, पण ते कशाने शिकतं हे सांगायला थांबून बघावं लागतं. आठवडाभर बघा. मधल्या सुट्टीत बघा, खेळताना बघा. आईवडिलांना "घरी अभ्यास करतो का?" असं विचारू नका. "घरी कोणतं काम तो एकटा करतो?" असं विचारा. वहीत बेरीज चुकणारी मुलगी किराणा दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब चोख ठेवते, हे अशाच प्रश्नातून कळतं.

सावधान. "याला डिस्लेक्सिया आहे" असं वर्गशिक्षकाने ठरवायचं नसतं. वाचताना अडखळणाऱ्या मुलाची आधी नजर आणि कान तपासून घ्या. कित्येकदा खरी अडचण तिथे निघते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. ते येण्याआधी शंका असलेल्या मुलांच्या नोंदी कागदावर काढून ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. रांगेतल्या तपासणीत मूल चटकन पुढे सरकतं आणि तुम्ही महिनोन्‌महिने पाहिलेलं सांगायचं राहून जातं.

ही वही तुमची आहे. ती भिंतीवर लावायची नाही आणि तिच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत.

टप्पा २: उद्दिष्ट वेगळं, साधन वेगळं

हा टप्पा घाईत उरकला तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात, म्हणून इथे वेळ द्या.

टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, साधारण असं वाक्य असतं: "विद्यार्थी १/३ व १/४ यांतील मोठा अपूर्णांक ओळखून कारण वहीत लिहितो." या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. तुलना करणं आणि कारण देणं हे गणित झालं. वहीत लिहिणं हे साधन झालं. हात थरथरणारं मूल तुलना अचूक करेल आणि या वाक्याप्रमाणे नापास होईल. म्हणून वाक्य बदला: "विद्यार्थी दोन अपूर्णांकांतील मोठा ओळखतो आणि कारण सांगतो, करून दाखवतो किंवा लिहितो."

प्रत्येक पाठाला हाच प्रश्न विचारा: आज मला नेमकं काय तपासायचं आहे? उत्तर विषयागणिक बदलतं. इतिहासाच्या तासाला उतारा वाचून दाखवणं ही रास्त मदत आहे, कारण तिथे घटना समजायला हवी. मराठीच्या तासाला वाचन हेच उद्दिष्ट असेल, तर तोच उतारा वाचून दाखवल्याने उद्दिष्टच नाहीसं होतं. "या मुलाला सगळं वाचून दाखवा" असा सरसकट नियम म्हणूनच चालत नाही.

नेहमीची चूक: साधन बदलण्याऐवजी उद्दिष्ट खाली आणणं. ऐकू कमी येतं म्हणून पाचवीच्या मुलाला १ ते १०० अंक लिहायला बसवलं जातं. कानाचा आणि अपूर्णांकाचा संबंध काय? कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, चालता न येणाऱ्या मुलांसाठी गणिताचं उद्दिष्ट जसंच्या तसं राहायला हवं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांसाठी उद्दिष्ट खरोखरच वेगळं ठेवावं लागतं, उदाहरणार्थ अर्धा आणि पाव ओळखणं, वस्तू सारख्या वाटणं. ते एकट्याने ठरवू नका. पालक आणि विशेष शिक्षक यांच्याबरोबर बसून ठरवा, लिहून ठेवा आणि दर सत्रात पुन्हा तपासा. उद्दिष्ट वेगळं असलं तरी त्या मुलाला साहित्य तेच, तासिका तीच आणि बसायला गटही तोच.

टप्पा ३: खोली आणि फळा

मुलं यायच्या आधी शेवटच्या बाकावर स्वतः बसा आणि कालचा फळा वाचा. वाचता येत नसेल तर अक्षर टपोरं करा आणि ओळी कमी करा. हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं असतात, मुलग्यांमध्ये जास्त, आणि ती तसं कधी सांगत नाहीत. पांढरा आणि पिवळा खडू पुरतो.

खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ पाहून समजून घेणाऱ्या मुलाचा आधार जातो. फळ्याकडे तोंड करून बोलणं हीसुद्धा तीच चूक. आधी लिहा, वळा, मग बोला.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला अगदी पुढच्या कोपऱ्यात बसवण्याची पद्धत आहे. तिथून त्याला तुम्ही दिसता, पण उत्तर देणारी मुलं दिसत नाहीत. दुसऱ्या रांगेत, थोडं कडेला आणि वळून वर्ग पाहता येईल अशी जागा बरी. एकाच कानाने नीट ऐकू येत असेल तर तो कान वर्गाकडे यायला हवा. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे कोपर कोपराला लागत नाही. पाय लोंबकळणाऱ्या मुलाच्या पायांखाली वीट किंवा पाट ठेवा. पाय टेकले की हाताला स्थिरता येते.

तपासा: परिपाठानंतर श्रवणयंत्राची एक मिनिटाची चाचणी घ्या. ओठ कागदाने झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून काढा आणि मुलाला ते पुन्हा म्हणायला सांगा. एरवी ऐकू येणारा एखादा आवाज आज येत नसेल तर बॅटरी, कानात बसणारा साचा किंवा कान यांपैकी कुठेतरी बिघाड आहे. हे न पाहता "आज याचं लक्षच नाही" म्हणणं त्या मुलावर अन्याय आहे.

टप्पा ४: साहित्य, सगळ्यांना एकच

अपूर्णांक शिकवताना आपण भाकरीचं चित्र काढतो. अर्ध्यासाठी ते ठीक आहे, पण गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही जमत नाहीत आणि नजर कमी असलेल्या मुलाला ते हाताने पडताळता येत नाहीत. त्याऐवजी पट्ट्या घ्या.

जाड पुठ्ठ्याच्या २४ सेमी लांबीच्या पट्ट्या कापा. २४ घ्यायचं कारण सोपं: अर्धा १२ सेमी, तिसरा हिस्सा ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३, म्हणजे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. एक पट्टी अखंड ठेवा, बाकीच्यांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या कडेला कात्रीने खाचा पाडा: पूर्णाचे तीन भाग केले असतील तर तीन खाचा, चार केले असतील तर चार. न दिसणारं मूल बोटाने ओळखतं आणि दिसणाऱ्यांनाही त्या खाचांनी छेदाची आठवण राहते. तुकड्यांना रंग द्यायचे तर द्या, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. चार मुलांत एक संच पुरे.

छापील कागदाचं पथ्य वेगळं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अनुस्वार, रफार आणि मात्रा आधी पुसट होतात आणि कमी दिसणाऱ्या मुलाचा अर्थच बदलतो. मूळ प्रत जपून ठेवा. ए-फोर पान ए-थ्रीवर मोठं करून घेतलं तर अक्षर सुमारे १.४ पट होतं. तेवढ्याने भागतं का, हे त्या मुलालाच विचारा. काहींना मोठ्या अक्षरापेक्षा तिरका उतरता डेस्क आणि बाजूने येणारा उजेड अधिक उपयोगी पडतो.

सावधान. वेगळं साहित्य फक्त 'त्या' मुलासाठी आणलं की मूल ते दप्तरात लपवतं. खाचांच्या पट्ट्या सगळ्यांच्या हातात असल्या तर लपवायला काही उरत नाही.

टप्पा ५: पाठातली भाषा गाळून घ्या

पाठ्यपुस्तकातलं उदाहरण घ्या आणि त्यातला गणिताशी संबंध नसलेला अवघड शब्द शोधा. "एकतृतीयांश भागात ज्वारी पेरली" यात 'एकतृतीयांश' वाचण्यातच दोघा-तिघांची शक्ती संपते. तिथे "१/३ भागात" लिहा आणि शेजारी पट्टीचं चित्र काढा. शब्द शिकवायचा आहेच, पण तुलना कळल्यानंतर.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मराठी लिपीतल्या काही जागा नेमक्या त्रास देतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. 'र' कधी पायाशी, कधी डोक्यावर, कधी आडवा: क्रम, अर्क, ऱ्हास. अशा शब्दांची गर्दी एका ओळीत असेल तर ओळ तोडा. प्रश्न सगळ्या वर्गाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे कुणा एकाला वेगळं काढावं लागत नाही.

ज्यांच्या घरी कोरकू, पावरी, गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा हिंदी बोलतात त्या मुलांसाठी या पाठात 'छेद' आणि 'अंश' ही अडचण दुय्यम आहे, कारण हे शब्द मराठी मुलांनाही नवेच असतात. खरी अडचण "च्यापेक्षा मोठा" आणि "कारण" या रचनेची. म्हणून एक चौकट फळ्यावर तासभर राहू द्या:

"____ हा ____ पेक्षा मोठा आहे, कारण ____."

दोन सारख्या भाषेच्या मुलांना शेजारी बसवा, आपापसांत त्यांच्या भाषेत बोलू द्या, मग चौकट वापरून मराठीत सांगू द्या. मूल "अपूर्णांक मोठी आहे" म्हणालं तर मध्येच थांबवू नका. हिंदीत दोनच लिंगं आहेत, कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते. मराठीची तीन लिंगं बसायला वेळ लागतो. "बरोबर, हा अपूर्णांक मोठा आहे" एवढं सहज म्हणा आणि पुढे चला. गणिताच्या तासाला गणितालाच दाद द्या.

टप्पा ६: तासिकेतला क्रम

हाताने अनुभव, मग बोलणं, मग चिन्ह, हा क्रम मोडू नका. फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून सुरुवात केली की मुलं ३ आणि ४ पाहतात आणि "४ मोठा, म्हणून १/४ मोठा" असं पक्कं करून बसतात. एकदा बसलेला हा समज काढायला आठवडे जातात.

१. आज काय काय होणार ते फळ्याच्या कडेला चार शब्दांत लिहा: पट्ट्या, जोडी, सांगणं, वही. झालेलं खोडत जा. अचानक बदलाने अस्वस्थ होणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला याचा मोठा आधार होतो आणि बाकीची मुलंही "आता काय करायचं, बाई?" विचारणं बंद करतात.

२. अखंड पट्टी दाखवा. तीन सारखे तुकडे तिच्यावर रचू द्या, मग चार. एका वेळी एकच सूचना द्या. ती दिल्यावर "कळलं का?" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "आता तू काय करणार आहेस?" हे एका मुलाला सांगायला लावा.

३. तीनातला एक तुकडा आणि चारातला एक तुकडा शेजारी ठेवा. कोणता मोठा? हात वर करू देऊ नका. प्रश्नानंतर मनात सावकाश पाच मोजा. अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं तरी उत्तरं लांब व विचारपूर्वक येतात. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला तर तेवढा वेळ हवाच.

४. उत्तर सगळ्यांनी एकदम दाखवायचं: मोठा वाटणारा तुकडा वर धरा. एका नजरेत कळतं कुणाचं काय चाललंय, आणि न बोलणारं मूलही उत्तर देतं.

५. चौकटीतून कारण बोलून घ्या. "जास्त भाग केले की एकेक भाग लहान होतो" हे मुलांच्या तोंडून यायला हवं. आलं नाही तर सहा आणि आठ भागांच्या पट्ट्या घ्या, पण स्वतः सांगून टाकू नका.

६. आता चिन्ह: १/३ > १/४. इथे वही पहिल्यांदा उघडते.

तपासा: दोन वेगळ्या लांबीच्या पट्ट्या दाखवा. लांब पट्टीचा पाव आणि आखूड पट्टीचा तिसरा हिस्सा घेऊन विचारा, "आता?" तुलनेसाठी पूर्ण सारखं हवं, हे ज्यांना कळलं ते लगेच हरकत घेतील. ज्यांनी नियम नुसता पाठ केला ते गोंधळतील. त्यांच्याकडे पट्ट्या पुन्हा द्या.

टप्पा ७: जोड्या

हुशार आणि मागे पडलेलं अशी कायमची जोडी लावू नका. दोनच दिवसांत एक मूल सगळं करतं आणि दुसरं बघत बसतं. कामं वाटून द्या: एक पट्ट्या रचेल, दुसरा कारण सांगेल, पाच मिनिटांनी अदलाबदल. ज्याला बोलणं जमत नाही तो तुकड्यावर बोट ठेवून "कारण" दाखवेल. जोड्या दर आठवड्याला बदला आणि अडथळ्यांच्या वहीत दुसऱ्या रकान्यात जे जमतं असं लिहिलंय त्या कामाने त्या मुलाची सुरुवात करा.

टप्पा ८: तपासणी

दहा उदाहरणं सगळ्यांना आणि हळू लिहिणाऱ्याला मधल्या सुट्टीत बसवून पूर्ण करून घेणं, ही शिक्षा आहे. कौशल्य तेच राहील अशी चार उदाहरणं निवडा आणि तेवढीच द्या. आकारिक मूल्यमापनात (शिकता शिकता होणाऱ्या तपासणीत) तोंडी उत्तर, पट्ट्यांनी दाखवलेलं उत्तर आणि लिहिलेलं उत्तर यांना सारखंच मोल द्या, आणि नोंदीत उत्तर कसं दिलं तेही लिहा.

लेखनिक किंवा जादा वेळेची सवय परीक्षेच्या दिवशी लावता येत नाही. लिहिण्यात अडचण असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ सांगितला आहे. तो वापरायचा कसा, लेखनिकाला उत्तर सांगायचं कसं, याचा सराव वर्गातल्या छोट्या चाचण्यांतच व्हायला हवा.

टप्पा ९: उरलेल्या अडचणीसाठी वेगळी मदत

इतकं केल्यावर वहीतल्या बऱ्याच नोंदी आपोआप मिटलेल्या दिसतील. ज्या उरल्या त्या घेऊन तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे जा. "हा शिकत नाही" असं सांगितलं तर त्यांना काही करता येत नाही. "मोठ्या अक्षरातला कागद दिला, उजेड बदलला, तरी दहा मिनिटांनी डोकं दुखतं" असं सांगितलं तर लगेच पुढचं पाऊल ठरतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) त्यांपैकी एक आहे. पालकांना प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) वाट दाखवणं हेही तुमचंच काम. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. वर्गातला बदल त्यासाठी थांबवू नका, पट्ट्या कापायला कुणाचा दाखला लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाची तयारी दिवाळीआधी करावी लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत शिकता यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डाबरोबर एका लिफाफ्यात पट्ट्यांचा संच आणि एक पान द्या: याला काय येतं, कशाने जमतं, पुढचं पाऊल कोणतं. तिकडच्या शिक्षकाला ते पान प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा जास्त कामाला येईल. मूल मार्च-एप्रिलमध्ये परतलं की पहिल्या दिवशी लेखी चाचणी घेऊ नका. पट्ट्या हातात द्या, दोन तुकडे निवडू द्या आणि ते काय सांगतं ते ऐका. जिथे थांबेल तिथून सुरू करा.

रोज शाळा सुटल्यावर वहीतला तिसरा रकाना भरा, दोन ओळी पुरेत. एकच अडथळा तीन मुलांच्या नावापुढे दिसला तर तो मुलांच्या पानावरून काढा आणि पुढच्या आठवड्याच्या टाचणात पहिल्या ओळीत लिहा.